एज्राचं आख्यान

करंजवाडीचे रंगनाथ मास्तर ख्रिस्ती कीर्तनकार होते, आणि हे ऐकून ज्याच्या भुवया वर चढतात तो माणूस नगर जिल्ह्यातला नव्हे. इकडे आजा-पणजापासून ख्रिस्ती मंडळी कीर्तनं ऐकत आली आहेत. तोच फेटा, तेच उपरणं, त्याच चिपळ्या. आधी अभंग, मग निरूपण, मग आख्यान. फरक एवढाच, की कपाळाला बुक्का नाही आणि आख्यान योसेफाचं नाहीतर दाविदाचं. पाथर्डी तालुक्यात मास्तर कुठे उभे राहणार असं कळलं की हिंदू शेतकरीसुद्धा पोराबाळांसकट येऊन बसत. देव कुणाचा का असेना, गळा चांगला पाहिजे, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

मास्तर मिशनच्या प्राथमिक शाळेत तीस वर्षं पोरं बडवून निवृत्त झाले होते. अंगानं काटकुळे, आवाजानं दांडगे. थोडी फुशारकी होती, पण ज्याला गळा असतो त्याला ती माफ असते. त्यांच्या डाव्या हाताला बसून झांज वाजवणारी बाई म्हणजे त्यांची बायको, बनुबाई. मास्तरांचा पहिला झांजकरी एका साली ऊसतोडीला गेला तो कारखान्यावरच राहिला. मास्तर अडले. तेव्हा बनुबाईनं हातातलं काम टाकून झांज उचलली, ती कायमचीच. बाईनं झांज वाजवावी हे चार लोकांना खटकलं. पण तिचा ठेका असा पक्का, की वर्षभरात ते चारही लोक मान डोलवायला लागले. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी मास्तर ओळ विसरले की ती एक ठोका निराळा टाकी आणि मास्तरांना ओळ आठवे. हे कसं होतं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या जानेवारीत अर्धा तालुका पाझर तलावांच्या मातीवर नाहीतर खडी फोडायच्या कामावर होता. रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन आणि कामावर वाटलेला सुकडीचा कोरडा खाऊ चघळून लोक दिवस काढत होते. चर्चमध्ये रविवारी बाकं रिकामी दिसायला लागली. त्याच महिन्यात एका सकाळी काकासाहेब मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसले.

काकासाहेब लष्करातून हवालदार होऊन आलेले, मंडळीचे मुख्य पंच. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येत, बाकी सगळा कारभार काकासाहेबांचा. माणूस खडूस, पण खोटा नव्हे. त्यांना एक काळजी लागून राहिली होती. कामाच्या शोधात पोरं चहूकडे पांगली होती, कोणी पुण्याला, कोणी कोपरगावच्या कारखान्यावर, आणि तिकडेच परक्या मुलींशी लग्नं लावून मोकळी होत होती. अशानं आणखी वीस वर्षांत करंजवाडीच्या चर्चला कुलूप लागेल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही. तेव्हा फेब्रुवारीतल्या मेळाव्यात मास्तरांनी एज्राचं आख्यान लावावं, आणि ते शेवटपर्यंत लावावं, मध्येच गोड करून सोडू नये, असं सांगून ते गेले.

मास्तरांना विषय मिळाला की तहानभूक हरपत असे. त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, आणि दोन दिवसांत ते त्या गोष्टीच्या प्रेमातच पडले. यहुदी लोकांचं शहर बाबेलच्या राजानं जाळलं, देऊळ पाडलं, माणसं धरून परमुलखात नेली. राजा गेला, देऊळ गेलं, जमीन गेली. मग ह्या लोकांनी स्वतःला ओळखायचं कशानं? दुसरी कितीतरी कुळं अशी वाहून गेली आणि त्यांचं नावनिशाण राहिलं नाही. हे मात्र राहिले. त्यांनी आपल्या जुन्या गोष्टी गोळा केल्या, लिहून काढल्या. सातवा दिवस पाळला. काय खायचं, काय नाही, ते ठरवलं. कोण कुणाचा मुलगा, त्याच्या याद्या जपल्या. मास्तरांनी लगेच दाखला जुळवला: आपले ऊसतोडे सहा महिने कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहतात, पण पोराचं जावळ काढायचं तर मढीला, कानिफनाथापाशी येऊनच. माणूस कोपीत राहिला म्हणून कोपीचा होत नाही.

पुढे सत्तर वर्षांनी नवा राजा येतो, परत जायची मोकळीक देतो. लोक येतात, पडलेलं देऊळ बांधायला घेतात. तेव्हा तिथे मागे राहिलेली माणसं येऊन म्हणतात, आम्हीही तुमच्याच देवाला मानतो, आम्हालाही हात लावू द्या. परत आलेले म्हणतात, नाही, तुमचा ह्यात काही संबंध नाही. ह्या जागी मास्तर जरा अडखळले होते, पण पान उलटून पुढे गेले. कारण पुढे एज्रा शास्त्री होता. वेशीजवळच्या चौकात लाकडी चौथऱ्यावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत तो शास्त्र वाचतो, त्याची माणसं लोकांत फिरून अर्थ फोडून सांगतात, आणि ऐकणारे रडतात. मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, अरे, हे तर कीर्तनच! जगातलं पहिलं कीर्तन ह्यानं केलं. त्या दिवसापासून एज्रा त्यांना आपल्या गुरुघराण्यातला वाटायला लागला.

आणि शेवट काकासाहेबांनी मागितलेला. लोकांनी परक्या कुळातल्या बायका केल्या आहेत असं एज्राला कळतं. तो अंगावरचे कपडे फाडतो, केस उपटतो, सुन्न होऊन बसतो. मग सगळ्यांना चौकात बोलावतो आणि त्या बायका सोडायला लावतो. पोरांसकट. ज्यांनी सोडल्या त्यांची नावं शास्त्रात दिली आहेत, शंभरावर. कीर्तनाला शेवटी उंची लागते, आणि मास्तरांना ती ह्या नावांत सापडली. त्यांनी ती सगळी नावं कटावात बांधली, म्हणजे एका दमात, घोडा उधळावा तशी म्हणायची. असा कटाव तालुक्यात कोणी ऐकला नव्हता. वाचनाचा प्रसंग आधी घेतला, बायकांचा मागून. कीर्तनकाराला तेवढी मुभा असते.

आता मास्तर आणि बनुबाईची तालमीची रीत सांगायला पाहिजे. मास्तर घरी फक्त गाण्याच्या जागा घोटत, कारण तिथे झांज लागे. गोष्ट ते घरी कधीच सांगत नसत. गोष्ट लोकांसमोर ताजी निघाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे तीन आठवडे अंगणात नुसती नावंच चालली होती, आणि बनुबाई त्या नावांना झांजेचा ठेका देत होती. एकदा तिनं विचारलं होतं, एवढे लोक हायेत तरी कोन? मास्तर म्हणाले होते, मोठे लोक आहेत, कीर्तनात कळेल. तिनं मान हलवली आणि ठेका आणखी घट्ट केला. कटावाला पाणी चढलं ते खरं तर तिच्यामुळे.

मेळावा रविवारी दुपारी चर्चच्या पटांगणात लिंबाखाली भरला. कामाला सुट्टी, म्हणून तीनएकशे माणूस आलेलं. मास्तरांचा आवाज त्या दिवशी असा लागला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. शहर जळालं तेव्हा बायांनी पदर डोळ्याला लावले. कोपीच्या दाखल्याला टाळ्या पडल्या. मग त्यांनी तो चौक उभा केला: थंडीचे दिवस, सगळे पुरुष उघड्यावर बसलेले, वरून धो धो पाऊस, आणि लोक कापतायत, गारठ्यानं आणि भीतीनंही. पाऊस म्हटल्यावर दोन-चार म्हाताऱ्यांनी उगाच वर पाहिलं आणि सगळे हसले. मास्तरही हसले. त्या हसण्यावरच त्यांनी आवाज चढवला. परकी बायको, परकीची पोरं, घराबाहेर! आपल्या रक्ताचे, आपल्या देवाचे तेवढे आत! आणि गिरकी घेऊन कटाव सुरू केला.

पहिल्या दहाबारा नावांना झांज होती. मग थांबली. मास्तरांना वाटलं, झांजेची दोरी तुटली असेल. कटाव मध्ये सोडता येत नाही, ते तसेच पुढे सुटले आणि शंभरावर नावं झांजेविना एका दमात म्हणून थांबले. लोकांनी एवढा गजर केला की काकासाहेब उठून त्यांच्या गळ्यात हार घालायला आले. मास्तरांनी घाम पुसत डावीकडे पाहिलं. चटईवर झांज एकावर एक नीट ठेवलेली होती. बनुबाई तिथे नव्हती.

ती चहाला गेली असेल, असं त्यांना वाटलं. कीर्तनानंतर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-प्याल्याचा विधी होता, आणि प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या पडवीत सगळ्यांचा चहा ठेवणं हे वर्षानुवर्षं तिचंच काम. त्या दिवशी चहा झाला नाही. मास्तर घरी आले तर दाराला कडी. आत भाकरी फडक्याखाली झाकलेली, पाण्याची घागर भरलेली, आणि दांडीवर तिचं दुसरं लुगडं नव्हतं.

शेजारच्या आक्काबाई दारात उभ्या होत्या. मास्तरांनी विचारलं, ही कुठे गेली? आक्काबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच सांगितलं की, मास्तर. परक्या बायांनी घराभाईर जावं म्हनून. गेली ती."

"ती कुठे परकी?"

"तिचा बाप्तिस्मा कुटं झालाय?"

मास्तर मटकन ओट्यावर बसले. ते विसरले होते. हे लिहिताना खोटं वाटतं, पण खरं तेच आहे. तीस-बत्तीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस साफ विसरला होता.

एक्केचाळीस साली त्यांचं लग्न झालं ते नात्यातल्याच घरात. पण त्या घरानं धर्म बदलला नव्हता, ती माणसं कानिफनाथाची. तेव्हाचे पाळक म्हणाले होते, पुढच्या सणाला मुलीला बाप्तिस्मा देऊ. सणाआधीच त्यांची बदली झाली. नव्या पाळकांना वाटलं, जुन्यांनी दिला असेल. मग दोन मुली झाल्या, त्यांचे बाप्तिस्मे झाले, त्या लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. बनुबाई दर रविवारी चर्चमध्ये होती, दर कीर्तनात झांजेवर होती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तेवढा बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, आणि त्याच वेळी ती चहा करायला पडवीत जात असे. मास्तर लोकांना कौतुकानं सांगत, आमच्या हिला कामाची फार हौस. आज ओट्यावर बसून त्यांना पहिल्यांदा कळलं, की ती हौस नव्हती. आपला हात त्या ताटापर्यंत जात नाही हे तिला पक्कं माहीत होतं. ते कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती आपण होऊन उठून जात होती. आणि त्यांनी तिच्याच झांजेवर तिला घराबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब आले. गावात रात्रीतून चर्चा झालीच होती. मास्तर त्यांच्यावर चिडायला निघाले होते, पण काकासाहेब स्वतःच ओशाळलेले दिसले. त्यांनाही आठवलं नव्हतं म्हणे. पण उपाय सोपा होता. मेळाव्याला आलेले पाळकसाहेब येत्या रविवारी पुन्हा येतायत, बाईंना बाप्तिस्मा देऊन टाकू, विषय संपला. बुडत्याला काडी सापडावी तसं मास्तरांना झालं. त्यांनी टोपी घातली आणि तिच्या माहेरची एसटी गाठली.

तिच्या भावाच्या, भिमाजीच्या घरी ती नव्हती. भिमाजी म्हणाला, आली, गाठोडं ठेवलं आन् लगेच कामावर नाव घातलं. त्यानं दाजींना पाणी दिलं. त्यानं एकही शब्द वावगा काढला नाही, ते मास्तरांना जास्त लागलं.

खडीचं काम गावाबाहेर माळावर होतं. शंभरएक बाया ओळीनं बसून दगड फोडत होत्या. मास्तरांना आपली बायको लांबून ओळखूच येईना. डोळ्याला धूळ लागू नये म्हणून सगळ्यांनी तोंडं बांधलेली. ते ओळीनं एकेकीपुढे वाकून बघत चालले, तशा बाया हसायला लागल्या. शेवटी एका ढिगामागून आवाज आला, "हितं हाय म्या."

मास्तर तिच्यापुढे उकिडवे बसले आणि धडाधड बोलत सुटले. चूक झाली, ध्यानात नव्हतं, आता रविवारी बाप्तिस्मा, मग कोणी ब्र काढणार नाही. ती हातोडीनं दगड फोडत राहिली. त्यांचं बोलून संपल्यावर तिनं विचारलं, त्या बाया पुढं कुटं गेल्या? मास्तर म्हणाले, कोणत्या? ती म्हणाली, सोडलेल्या. मास्तरांनी आठवून पाहिलं. शास्त्रात तसं काही दिलेलं नाही, असं त्यांना सांगावं लागलं. मग तिनं त्यांची नावं विचारली. तीही नव्हती. सोडणाऱ्यांची शंभरावर नावं मास्तरांच्या जिभेवर होती, पण सोडलेल्यांतली एकही नव्हती, आणि तीन आठवडे घोटताना हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिला जरा बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, सगळेच काही कबूल नव्हते. दोघेजण भर चौकात विरोधाला उभे राहिले होते, आणखी दोघे त्यांच्या बाजूचे होते. शास्त्रात तसं लिहिलेलं आहे.

बनुबाईची हातोडी थांबली. "मग त्ये तुमी का न्हाई सांगितलं?"

मास्तर कीर्तनात कधी खोटं बोलत नसत, आता तर बोलणं शक्यच नव्हतं. "चालीत बसत नव्हतं," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. रागानं नव्हे. एखाद्या माणसाला आपण ओळखतो असं धरून चाललेलो असतो आणि तो भलताच निघतो, तेव्हा बघावं तसं. मग तिनं दगड पुढे ओढला.

"बाप्तिस्म्याचं म्हनाल, तर म्या तयारच हुते. लगीन झालं तवाच तयार हुते. तुमी इचारलंच न्हाई. मला वाटलं, म्या तुमचीच हाय म्हनून इचारत न्हाईत. त्येचं मला बरं वाटायचं. आता भ्या दावून देत असाल तर नगं."

ज्या गोष्टीचा मास्तरांना विसर पडला होता, तीच तिनं इतकी वर्षं मानाची समजून जपली होती. ते टोपी सावरत उठले. एका बाईनं त्यांना पाणी दिलं.

करंजवाडीत काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते घसा साफ करून म्हणाले, की बाई बाप्तिस्मा घेत नसतील तर मास्तरांना कीर्तनाला उभं करता येणार नाही. मंडळी विचारते आहे, मास्तरांनी सांगितलं ते मास्तरांनाच लागू नाही काय? मास्तर म्हणाले, ती गोष्ट होती. अडीच हजार वर्षांमागची गोष्ट. काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी गोष्टीसारखी सांगितली न्हाई, मास्तर. हुकूम दिल्यासारखी सांगितली. आमाला ती पटली." ह्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मास्तर आतून हादरले. आपण एवढे चांगले कीर्तनकार आहोत ह्याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भय वाटलं. त्यांनी आतून फेटा, उपरणं आणि चिपळ्या आणल्या, काकासाहेबांच्या मांडीवर ठेवल्या आणि आपण ह्यापुढे कीर्तन करणार नाही असं सांगून टाकलं. काकासाहेबांचेच डोळे भरून आले. पण त्यांनी वस्तू उचलून नेल्या.

चार दिवस मास्तरांनी कच्चीपक्की भाकरी करून खाल्ली. मनातून मात्र ते आता बरेच सावरले होते. आपण तिच्यासाठी आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सोडली, असं त्यांना वाटत होतं, आणि ते तिला कधी सांगतो असं झालं होतं. शनिवारी ते पुन्हा माळावर गेले. ह्या वेळी ती लांबूनच ओळखू आली. समोर बसून त्यांनी सांगितलं, की काकासाहेबांपुढे आपण कीर्तनावर पाणी सोडलं. चिपळ्यासुद्धा देऊन टाकल्या. तुझ्यासाठी.

त्यांना वाटलं होतं, ती रडेल. तिनं तोंडाचं फडकं खाली ओढलं. चेहरा पार उतरला होता.

"कीर्तन सोडलं?"

"सोडलं."

"इतकी वरसं झांज म्या वाजवली. मपलं बी हुतं त्ये कीर्तन. सोडताना मला इचारलं?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमाला सोडायचं तेवढं येतं," बनुबाई म्हणाली. "आदी मला सोडलं, आता कीर्तन सोडलं. दोनी येळंला म्या कुटं हाय त्ये बगितलं न्हाई. त्या एज्राचं बी असंच झालं आसंल. लई रडला म्हनता. कुना बाईला इचारलं का त्येनं, तुजा देव कोन म्हनून?"

आजूबाजूच्या दोन-तीन हातोड्या थांबल्या होत्या. मास्तरांना वाटलं आपण इथून उठावं, पण उठून जायला जागाच नव्हती. त्यांनी आयुष्यभर उभं राहून लोकांना सांगितलं होतं. खाली बसून ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तीही खडीच्या ढिगावर. मग ती म्हणाली, आता अर्ध्यात उठले तर मुकादम हजेरी मांडणार नाही, बसा. मास्तर संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. काम सुटल्यावर तिनं भावाकडून गाठोडं घेतलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. मास्तर चार पावलं मागे राहून चालत होते.

रविवारी पाळकसाहेब आले होते. चर्च भरलं होतं, कारण असल्या वेळी बाकं बरोबर भरतात. दाराशी आल्यावर मास्तर बिचकले, पण बनुबाई सरळ आत गेली, पुढे सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि घरून आणलेली झांज मांडीवर घेतली. कुजबुज थांबली. पाळकसाहेब चष्मा काढून पुसायला लागले. त्यांचं काही मत होतं की नाही, ते कोणालाच कळलं नाही. शेवटी काकासाहेब उठले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पण ज्याला चौकीवर उभं केलं त्यानं हटकलंच पाहिजे, अशी त्यांची शिस्त. आज बाप्तिस्मा झालेल्या सभासदांनीच पुढे बसायचं ठरलं आहे, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, आणि तिच्याकडे वळले.

"बाई, तुमी इथं कोन म्हनून बसलाय?"

बनुबाई बसल्या जागेवरून हलली नाही. तिनं वर पाहिलं, काकासाहेबांकडे नव्हे, त्यांच्या मागे दाराशी थिजून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"म्या मास्तरांची परकी बायको," ती म्हणाली. "मास्तर, फुडं या."

आणि तिनं झांज वाजवली. एकदा, दोनदा. तिला थांबवायला कोणी उठलं नाही. काकासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. मास्तर बोडक्या डोक्यानं, रिकाम्या हातांनी पुढे आले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. झांजेचा ठेका चालूच होता. मास्तरांना सूर सापडायला त्या दिवशी फार वेळ लागला.